एकशे तेरा किलो बंगारम

हिम्मतरावांच्या जिन्यात दोन खुर्च्या कायमच्या मांडलेल्या होत्या. नल्लकुंट्यातल्या त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. बांधणाऱ्याने सगळे भाडेकरू आपल्यासारखेच सडपातळ धरले असावेत. हिम्मतराव दुसऱ्या मजल्यावर राहत. प्रत्येक वळणावर ते खुर्चीत बसायचे, घाम पुसायचे आणि जिन्याकडे जुन्या वैऱ्यासारखं बघायचे.

बरकतपुऱ्यातलं त्यांचं वह्या-पुस्तकांचं दुकान आठ महिने बंद होतं. गुडघे बदलल्याशिवाय ते उघडणार नव्हतं, आणि वजन शंभराच्या आत आल्याशिवाय डॉक्टर गुडघ्यांना हात लावणार नव्हते. भूल झेपायची नाही म्हणे. साखरेच्या गोळ्या, रक्तदाबाच्या गोळ्या, झोपेत श्वास चालू ठेवणारं भाड्याचं मशीन, सगळं आधीच मागे लागलं होतं. विमावाल्यांनी आकडा पाहून हप्ता वाढवला आणि गुडघे तेवढे जुना आजार म्हणून वगळले. ऑपरेशनची तारीख हुकली की हृदयाच्या तपासण्या शिळ्या होत. मग पुन्हा नव्या, पुन्हा पैसे.

"नाना, ही तारीख गेली तर दुकान सोडावं लागेल," मुलगा गौतम म्हणाला होता. "मालक आता थांबत नाही."

म्हणून हिम्मतरावांनी चार महिने जिभेला कुलूप लावलं. ओट्स, सूप, ताक. कौतुक म्हणजे ते त्यांना आवडलंही. "पथ्याचं एवढं चवदार असतं हे माहीत असतं, तर आधीच आजारी पडलो असतो," असं ते बायकोला, चतुराबाईंना, म्हणाले. चतुराबाई नुसत्या वाढत राहिल्या.

जानेवारीतल्या त्या सकाळी हॉस्पिटलच्या काट्याने एकशे तेरा दाखवले. चार महिन्यांपूर्वीही एकशे तेराच होते. डॉक्टर रागावलेसुद्धा नाहीत. "जूनमध्ये बघू," एवढंच म्हणाले. वह्यांचा धंदा असतो तो जूनमध्येच.

परतताना हिम्मतराव पहिल्या वळणावरच्या खुर्चीत बसले ते उठेचनात.

"चतुरा, मी चोरून काही खाल्लं नाही गं. तुझी शप्पथ."

"ठाऊक आहे मला," चतुराबाई पायरीवर टेकल्या. "मी घातलं."

"काय घातलं?"

"सूपमध्ये लोणी. ताकात साय. ओट्समध्ये बदामाची पूड."

हिम्मतरावांना आधी वाटलं, ही थट्टा करतेय. पण ती रडत होती.

खालच्या मजल्यावरच्या यादम्माच्या सांगण्यावरून चतुराबाईंनी मेडारमच्या सम्मक्कादेवीला नवस बोलला होता: हे चालायला लागले की ह्यांच्या वजनाइतका गूळ वाहीन. तिच्या जत्रेत गुळाला बंगारम म्हणतात, म्हणजे सोनं.

"बोलले तेव्हा एकशे तेरा होता तुम्ही. नव्व्याण्णवाने फेडला तर देवी काय म्हणेल? बोलताना एक माप, देताना दुसरं? मापात पाप नको, हे तुम्हीच गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकाला सांगायचा ना?"

हिम्मतरावांनी मानेवरचा घाम पुसला. तीस वर्षं दुकानात मिरवलेलं वाक्य आज घरी उलटलं होतं.

"अगं, मग बोललेलं माप धरून दिला असतास गूळ. मला कशाला धरून ठेवलंस?"

चतुराबाईंच्या हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. त्यांनी पदर तोंडाशी धरला. हिम्मतरावांना ओरडायचं होतं, पण ओरडायला लागतो तेवढा दम वर पोचण्यासाठी राखायचा होता.

"गौतमला फोन लाव," ते शेवटी म्हणाले. "मालकाला किल्ली देऊन टाक म्हणावं. आणि एकशे तेरा किलो गूळ मागव. आधीच फेडून टाकू. नाहीतर जूनपर्यंत तू मला दीडशेवर नेशील."

"तुम्ही चालायला लागायला पाहिजे ना पण आधी…"

"देवीला सांग, उधारी नक्को म्हणतो म्हणून."

जत्रेला निघालेल्या यादम्माबरोबर गूळ जायचा होता, पण आधी त्याला हिम्मतरावांचा हात लागायला हवा होता. त्यांना काही खाली उतरवेना. म्हणून हमालाने ढेपा वर आणल्या. तीन फेऱ्या झाल्या. एकदाही तो खुर्चीवर टेकला नाही.

दारात बसून हिम्मतराव बघत होते. त्यांचं अख्खं वजन जिना चढून आलं होतं. त्यांनी एकेका ढेपेला हात लावला, आणि ते वजन पुन्हा हमालाच्या खांद्यावर बसून खाली निघालं, बरकतपुऱ्यातल्या दुकानावरून पुढे जायला.