कानाखाली वाजलेली कला

तापलेल्या धुळीचा वास आला की माझा डावा गाल अजून चुरचुरतो. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस केडगावात एकाने रसवंती मोडून एका कॉम्प्युटरवर इंटरनेट कॅफे काढला होता. मी चित्रकलेचा विद्यार्थी. तिथे मशीन बिघडल्याचा भास हीच कला मानणाऱ्या एका परदेशी कलावंताचं इंटरनेटवरचं पान उघडलं, तर पडद्यावर चौकटींवर चौकटी उड्या मारू लागल्या आणि स्पीकर खदाखदा हसू लागला. "मशीन मारलंस व्हय रं?" म्हणत मालकाने माझ्या कानाखाली जाळ काढला. "काका, ही कला हाय!" "कला? थांब!" रुसलेल्या टीव्हीला घालतात तसे त्याने मॉनिटरला दणादण बुक्के घातले. मॉनिटर खाली आपटून फुटला आणि आतल्या तापलेल्या धुळीचा वास सुटला. स्पीकरचं हसणं मात्र चालूच. "आयला, अजून जित्तं हाय!" म्हणून तो मटकन बसला आणि रक्ताळलेल्या मुठीने डोळे पुसत हसू लागला. परवा एका मोठ्या कलाप्रदर्शनात फुटका मॉनिटर मांडलेला दिसला. मी आधी गाल झाकला.