ताईंच्या खणातली माळ

वसुधाताईंच्या पंचाहत्तरीच्या या अंकात मी लिहावं असं ठरलं, तेव्हाच माझा गोंधळ उडाला. मंचरला ताईंच्या दवाखान्यात माझी दारू सुटली, हे साऱ्यांना ठाऊक आहे. कशानं सुटली, ते मात्र मला आजही धड सांगता येत नाही.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी अवसरीचा, प्राथमिक शिक्षक. थोरल्या भावानं तिसऱ्यांदा माझ्या गळ्यात तुळशीची माळ घातली आणि मला ताईंपुढे नेऊन बसवलं. बायकोनं निक्षून सांगितलं होतं, "आता न्हाई सुटली, तर मी माहेरी चालले." ताईंनी माझे थरथरते हात पाहिले. म्हणाल्या, "एकदम बंद केली तर फिट येऊ शकते. आठ दिवस इथंच राहा. आणि ती माळ माझ्याकडे द्या."

भाऊ भडकला. "बाई, दारू सोडवाया आणलाय याला, माळ न्हाई!"

"माळेची शपथ मोडली की गुरुजी लाजेनं तोंड लपवतात आणि आणखी पितात," ताई शांतपणे म्हणाल्या. "इथं शपथ नाही. प्यालात तरी गुरुवारी यायचं."

माळ टेबलाच्या खणात गेली. गोळ्या झाल्या, दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गुरुवारच्या बैठका सुरू झाल्या. बायकोही येऊन बसू लागली. पाच महिने बरे गेले आणि भाचीच्या लग्नात मी घसरलोच. बायकोनं पिशवी भरली. गुरुवारी मी मान खाली घालून गेलो, तर ताईंनी चहा मागवला आणि विचारलं, "पहिला घोट घेण्याआधी काय झालं होतं?"

"अहो, रागवा तरी!" मी ओरडलो.

"ते घरी झालंय. बसा, सांगा."

संध्याकाळी ताई स्वतः अवसरीला आल्या. बायकोला म्हणाल्या, "घसरले हे खरं. पण परत आले, तेही धरा." तिनं पिशवी रिकामी केली. त्यानंतर मी प्यालो नाही.

गोळ्यांचा गुण, बैठकांचा, की त्या न रागावण्याचा? देव जाणे. मागच्या महिन्यात ताईंनी माळ पुढे केली. "आता न्या, गुरुजी." माझा हातच पुढे होईना. म्हटलं, "राहू द्या खणातच. यायला निमित्त लागतं."

ताईंना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. हे मागणं त्यांच्यासाठी आहे की माझ्यासाठी, याचाही माझा गोंधळच आहे.