पुसली गेलेली नऊ गाणी

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. घरी विषय निघाला की मी काहीतरी निमित्त काढून उठायचो. आता वय झालं, म्हणून लिहून ठेवतो.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मला जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली टाकून गाणी रेकॉर्ड करायचा नाद लागला. चुडाव्याचे एक दादा ओळखीचे होते. रेल्वेत गँगमन होते आणि तरुणपणापासून भीमगीतं गायचे. त्यांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा म्हणाले, "गुरुजी, नंतर आवाज राहील का न्हाई, डॉक्टर बी सांगंना. तवा आधी भरून घ्या."

दोन दिवसांत नऊ गाणी भरली. मधलाच एखादा तुकडा ऐकून पाहताना अधूनमधून कटकट आवाज यायचा. दादा हसले, "गुरुजी, तुमची मशीन शिंकायलीय की! सर्दी झाली का तिला?"

ते मला लागलं. दादा नांदेडच्या दवाखान्यात असताना मी लिनक्सच्या ध्वनीच्या कामासाठी खास बनवलेल्या दोन-तीन आवृत्त्या पाहिल्या. ज्या एकीत आवाज साफ करायची साधनं आयती होती, ती निवडली. टाकताना पडद्यावर विचारणा आली : जुन्या लिनक्सशेजारी टाकू, की सगळी डिस्क पुसून? मी पुसायला सांगितलं. गाणी डिस्कच्या वेगळ्या भागात आहेत, असं मी धरून चाललो होतो. तशी ती नव्हती. दुसरीकडे प्रतही काढलेली नव्हती.

नंतर कळलं, तीच साधनं जुन्या लिनक्सवरही सहज टाकता आली असती.

दादा परतले ते आवाज गमावून. भेटायला गेलो तर वहिनी म्हणाल्या, "भावजी, गाणी आणलीत का? त्यायला ऐकू द्या."

मी म्हणालो, "वहिनी, त्या दोन दिवसांत दादांचा गळा बसलेला होता. ठेवण्यासारखं काही निघालं नाही."

दादांनी गळ्याला हात लावला आणि मान हलवली. त्यांना ते पटलं.

पुढे दोन वर्षं ते होते. मी पाच-सहा वेळा गेलो, कापसाचं, नातवंडांचं बोललो, चहा घेऊन परतलो. त्यांच्या मातीलाही गेलो होतो. बोलायचं होतं ते एवढंच : दादा, तुमचा गळा बसलेला नव्हता. नऊही गाणी चांगली झाली होती. ती माझ्या हातून पुसली गेली आणि मी दोष तुमच्या आवाजाला दिला. मला माफ करा.