मावलीच्या नावाचा पीळ

वर्षभर मी मावलीशी, म्हणजे आमच्या मारियामातेशी, अबोला धरला होता. देवळात जात होतो, फादरची मिस्सा ऐकत होतो, मेणबत्तीही लावत होतो, पण मनातून बोलणं बंद. कारण फिलो, माझी बायको. गेल्या वर्षी तिच्या डाव्या अंगावरून वारं गेलं आणि अख्ख्या गोराईच्या आधी उठून वाडीत हिंडणारी ही बाई खिडकीजवळच्या खुर्चीला खिळली. पुढे काठी घेऊन चार पावलं टाकू लागली, तर तीही मी टाकू देत नव्हतो. पडली तर? पाण्याचा पेला मी धरायचा, चप्पल तिच्या पायात मी घालायची. जिने मावलीपुढची जपाची माळ एक दिवस चुकवली नाही तिच्याच वाट्याला हे यावं, याचा मला राग होता. फिलो म्हणते, राग तुझ्या नाकावर कायमचा भाडेकरू आहे, त्याला काढायला आता कोर्टात जावं लागेल.

आमच्याकडे पावसाळा सरता सरता आगेरा येतो, नव्या भाताचा सण. शेतातल्या पहिल्या लोंब्या कापून पेंढी बांधायची, वाजतगाजत देवळात न्यायची, फादर तिच्यावर आशीर्वाद देतात आणि मग त्यातले चार दाणे घरच्या भांड्यात पडतात. आमच्या घरची पेंढी लग्न होऊन आली तेव्हापासून फिलोच नेते. यंदा तिने आधीच सांगून टाकलं, "मी नाही येणार. रिक्षात बसून पाहुणीसारखी जाऊ काय?" मी म्हटलं, "आपल्या ट्रॅक्टरला ट्रॉली लावतो. शेतातून थेट देवळाच्या पायरीपर्यंत." ती म्हणाली, "तुझ्या त्या डबड्यात? बरं. पण त्याच्यातच हां, दुसऱ्या कशात मी बसणार नाही." कित्येक महिन्यांनी ती घराबाहेर यायला हो म्हणाली होती. मी मागे जाऊन डोळे पुसून आलो.

डबडं म्हणजे आमचा वाडीतला लहान ट्रॅक्टर. भाजीच्या वाफ्यांतून फिरेल एवढाच, पण वाडी त्याच्यावरच चालते. आमच्या बापाची एक रीत होती. सणाआधी घरातलं प्रत्येक अवजार धुवायचं आणि प्रत्येक बोल्टला पाना लावून मावलीच्या नावाने एक शेवटचा पीळ द्यायचा. बाप तो वर्षातून एकदाच द्यायचा. फिलो आजारी पडल्यापासून मी दर रविवारी देऊ लागलो. डॉक्टरांच्या हातात औषध होतं, फिलोच्या हातात माळ होती, माझ्या हातात पाना. घट्ट केलेलं काही सुटणार नाही अशी माझी वेडी समजूत झाली होती, दुसरं काय!

आगेराच्या आदल्या दिवशी सकाळी मी ट्रॅक्टर धुतला आणि मागच्या आसाच्या हौसिंगला पाना लावला. हे हौसिंग म्हणजे आसाभोवतीची जाड कवची. आमचं अॅल्युमिनियमचं आहे, आणि बोल्ट पोलादी. वर्षभर पिळून पिळून मऊ धातूची काय दशा झाली असेल, याचा मी विचारच केला नव्हता. नाव घेतलं, जोर लावला आणि पान्याखाली काहीतरी लोण्यासारखं सुटलं. बोल्ट नुसता गोल फिरू लागला. शेजारच्याला हात लावला तर तोही तसाच. काढून बघितलं, तर बोल्टाला धातूची चकचकीत साल गुंडाळून आलेली. भोकात बोल्टला धरून ठेवणारे आटे उरलेच नव्हते. सांध्यातून काळं तेल ओघळायला लागलं. अशा ट्रॅक्टरने ट्रॉली ओढली तर आस जागचा हलणार, आणि मागे फिलो बसलेली असणार.

उपाय मला ठाऊक होता, माझी उमर कारखान्यात गेली आहे. भोक थोडं मोठं करायचं, त्यात टॅपने नवे आटे पाडायचे आणि पोलादी तारेची गुंडाळी आत फिरवून बसवायची. बोल्ट मग त्या गुंडाळीत धरतो, जुन्यापेक्षाही पक्का. पण त्या मापाचा टॅप आणि गुंडाळ्या आणायच्या कुठून? बोटीने खाडी ओलांडून बोरिवलीला गेलो, ओळखीची सगळी दुकानं पालथी घातली. "सोमवारी या अंकल," एवढंच ऐकून परत आलो. आगेरा रविवारी. खिडकीतून फिलोने विचारलं, "काय रे, वाट लागली काय?" मी म्हटलं, "काही नाही गं, तेल बदलतोय." तिला सगळं कळतं.

आमच्या फाटकाला लागून जुना क्रूस आहे, आणि त्याच्या कोनाड्यात मावली. भर दुपारी मी तिच्या पायाशी जाऊन बसलो. भांडायचंच ठरवून गेलो होतो. दर रविवारी तुझ्या नावाचा पीळ दिला, त्याचं हे फळ? पण तेवढंही तोंडातून निघेना. हात तेलाने माखलेले, ते जोडायचीही लाज वाटली. तसेच मांडीवर उताणे ठेवले आणि म्हटलं, "मला नाही जमत. तू बघ." वर्षभरात तिच्याशी बोललेलं हे पहिलं खरं वाक्य.

थोड्या वेळाने एक गाडी थांबली. चाळिशीतली एक बाई उतरली, कपाळाला टिकली, हातात मेणबत्ती. तिने सांगितलं, तिचे वडील मूळचे मालवणकडचे, अंधेरीत त्यांचं लेथचं वर्कशॉप. दरवर्षी या क्रूसाला मेणबत्ती लावायला यायचे. यंदा ते राहिले नाहीत, म्हणून ती आली. मेणबत्ती लावून वळली तर तिची नजर माझ्या हातांवर आणि मागच्या उघड्या ट्रॅक्टरवर गेली. "काका, आटे गेले वाटतं?" मी माप सांगितलं. ती गाडीकडे गेली आणि डिकीतून वडिलांची अवजारांची पेटी घेऊन आली. आत टॅप होता, गुंडाळ्या होत्या, त्याच मापाच्या. मी वळून कोनाड्याकडे बघितलं. ती मात्र बाह्या सरसावून म्हणाली, "चला, ड्रिल तुम्ही धरा, मी सरळ आहे का बघते."

कीस आत पडू नये म्हणून भोकात चिंधी कोंबून आम्ही कामाला लागलो. टॅप थोडा पुढे, थोडा मागे, कीस झटकायचा, पुन्हा पुढे. गुंडाळ्या आत गेल्या. बोल्ट बसवला तो कसा गोड धरला! सवयीने मी मावलीचं नाव घेतलं आणि शेवटचा पीळ द्यायला पाना उचलला, तर तिने माझं मनगटच पकडलं. "काका, यार, त्यानेच तर गेले ना आटे! देवाचं नाव सुरुवातीला घ्यायचं. आवळताना हाताचं ऐकायचं. आमचे बाबा म्हणायचे, 'धरल्यान मा? मगे सोड.' धरलं ना, की सोडायचं." मी पाना खाली ठेवला. इतकं सोपं काम मला इतकं जड कधी गेलं नव्हतं.

चहालाही ती थांबली नाही. शेताच्या कडेच्या चार लोंब्या मी तिच्या हातात दिल्या, त्या तिने डोळ्यांना लावल्या आणि गेली. फिलोने विचारलं, "नाव काय तिचं?" मी विचारलंच नव्हतं. "असाच तू," फिलो म्हणाली, आणि संध्याकाळच्या माळेत तिने 'त्या बाईसाठी' म्हणून एक नमो मरिया जास्त म्हटली. मीही म्हटली, मोठ्याने.

दुसऱ्या दिवशी लाल लुगडं नेसून, मांडीवर पेंढी घेऊन फिलो ट्रॉलीत बसली. पुढे बँड, मागे आमचं डबडं. लोक तिला हाका मारत होते आणि ती राणीसारखी हात हलवत होती. मी सारखा मागे वळून आसाकडे बघत होतो. तेलाचा एक थेंब आला नाही.

देवळाच्या पायरीशी मी तिला उतरवून घेतलं आणि नेहमीसारखा तिचा दंड घट्ट धरला. तिने काठी टेकली, पेंढी छातीशी घेतली आणि माझ्याकडे बघून हसली. "अरे, किती आवळशील? माझे पण आटे जातील. सोड."

काल मनगट धरणारा तो हात मला आठवला. मी सोडलं. एक पाऊल पडलं, मग दुसरं. डावा पाय ओढत, डुलत, माझी फिलो वेदीकडे चालत गेली, आणि मी मागे मोकळे हात घेऊन उभा राहिलो. त्या बाईला त्या दुपारी कोणी पाठवलं, याचा काथ्याकूट मी करत नाही. मला माझ्या मावलीचे आभार मानायचे होते. हात रिकामे होते, म्हणून ते जोडता आले.