भोंगा आणि क्रेनचं चॅनल

साइटवर त्याला सगळे भोंगा म्हणत. तोंडावर म्हणत, पाठीमागेही म्हणत, आणि तो कधी चिडत नसे, कारण मनातून त्याला ते नाव आवडायचं. टॉवर क्रेनच्या पायथ्याशी वॉकी-टॉकी घेऊन उभं राहायचं आणि वर काचेच्या केबिनमध्ये बसलेल्या माणसाला सांगायचं, उजवीकडे घे, हळू, अजून हळू, टेकव, हे त्याचं काम. केबिनला सगळे माळा म्हणत आणि क्रेन चालवणाऱ्याला माळ्यावरचा. माळ्यावरच्याला पुष्कळदा खालचं काहीच दिसायचं नाही, अर्धी इमारतच आड यायची. मग तो भोंग्याच्या आवाजावर विसंबून हुक खाली सोडायचा. बोलणं तुटलं की हुक जागेवर थांबवायचा, असा दोघांचा रिवाज होता.

भोंगा बोलायचा अगदी शांत. वर्षानुवर्षं वरून त्याला उत्तर यायचं ते एकच, "हं." ना अधिक ना उणं. खाली उतरल्यावर दोघं शेजारी बसून डबा खायचे, तेव्हाही माळ्यावरचा फारसा बोलत नसे. भोंग्याला वाटायचं, या माणसाला बोलायची आवडच नाही. आणि भोंग्याचं त्यात बरं चाललं होतं.

नवीन लोकांना वॉकी शिकवायचं कामही त्याच्याकडेच असे, आणि तिथे तो जरा भाव खायचा. "बटण दाबायचं, एक श्वास थांबायचं, मग बोलायचं," तो सांगायचा. "घाई केली की पहिला शब्द गिळला जातो. 'नको सोडू' मधला 'नको' गेला, तर उरलं काय?" लोक हसायचे. तो हसायचा नाही. "बोलून झालं की बोट उचला. तुमचं बोट खाली आहे तोवर बाकीचे सगळे मुके. आणि ही लाइन काही आपल्या घरची नाही. कंपनीने परवाना काढलाय, वॉकीचे सेट तेवढ्याच चॅनलांपुरते लावून दिलेत. बाजारातून आणलेलं वॉकीचं खेळणं इथे कुणाच्या खिशात दिसलं, तर त्याला घरी पाठवणार. आधी मी, मग साहेब."

पुढे नियम आला. सिग्नल देणाऱ्या प्रत्येकाने परीक्षा द्यायची. लेखी थोडी, बाकी प्रत्यक्ष काम. भोंग्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मी परीक्षा देऊ? पेपर काढायला मला बोलवायला हवं होतं!" तो गेलाच नाही. त्याला वाटलं, आपल्यावाचून अडेल आणि साहेब स्वतः समजूत काढायला येतील. साहेब आले नाहीत. त्याला इमारतीच्या मागच्या बाजूला, सळ्या आणि फळ्या रचायच्या आवारात पाठवलं. तिथल्या कामाचं चॅनल वेगळं होतं, त्यावर ट्रक आला, ट्रक गेला, एवढंच चालायचं.

आणि क्रेनखाली उभी राहिली परीक्षा देऊन आलेली एक बाई. सगळे तिला ताई म्हणायला लागले. तिने पहिल्याच दिवशी आवारात येऊन भोंग्याला नमस्कार केला आणि विचारलं, "काका, वरच्यांच्या कामाच्या काही सवयी आहेत का? मला माहीत असलेल्या बऱ्या." काका! भोंग्याने फळ्या मोजत असल्याचं सोंग केलं आणि म्हणाला, "सवयी कळतील हळूहळू." ती बिचारी गेली. सांगायला पुष्कळ होतं, पण त्याची जीभ वळली नाही. खरं सांगायचं तर ती चुकावी असंच त्याला वाटत होतं. फार मोठं नाही, पण चुकावी.

ती चुकत नव्हती. दुपारी क्रेनच्या बाजूला गेलं की कुणाच्या तरी वॉकीतून तिचा आवाज कानावर पडायचा, आणि भोंग्याचं पोट दुखायला लागायचं. तिच्या आवाजाने नाही. त्याच्या! जो माणूस याच्याशी आयुष्यभर "हं"च्या पुढे गेला नाही, तो तिच्याशी अख्खी वाक्यं बोलत होता.

"सहावा मजला, डावी कड. बरोबर ना ताई?"

"बरोबर."

"म्हणजे कठड्याच्या आत?"

"आत."

"परत एकदा सांगा."

एवढा संवाद भोंग्याने आपल्या संसारातही केला नव्हता. त्यात एक दिवस माळ्यावरचा हसला. वॉकीवर! काम चालू असताना! भोंगा तिथून तडक आवारात परतला आणि दिवसभर ट्रकवाल्यांवर डाफरत राहिला. डबा खायलाही तो आता क्रेनकडे जाईना. माळ्यावरच्याने दोनदा निरोप पाठवला. भोंग्याने कळवलं, काम आहे.

मग त्याने बाजारातून एक सेट आणला. दुकानदार म्हणाला, "हा सगळी चॅनलं पकडतो. आणि ताकद तर विचारू नका." भोंग्याने स्वतःला बजावलं, आपण फक्त ऐकणार. बटणाला हात लावायचा नाही. परवान्याशिवाय असला सेट बाळगणं हेच मुळात चूक, हे त्याला ठाऊक नव्हतं असं कुणी म्हणू नये. त्याच्याइतकं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पण मत्सर एकदा घरात शिरला की नियम शिकवणाराच पळवाटा शोधायला लागतो. सेट जाकिटाच्या आतल्या खिशात आणि बारीक वायर कानात, असा तो आवारात फिरू लागला. घर साइटच्या मागच्याच गल्लीत होतं, तेव्हा सुट्टीच्या दिवशीही तो खिडकीत बसून ऐकायचा.

"अहो, त्या डबीत सवत ठेवलीय का?" बायको विचारायची.

"कामाचं आहे."

"सुट्टीच्या दिवशी कसलं काम? जीव जळतोय तर जाऊन ती परीक्षा द्या की. तुम्हाला काय अवघड आहे?"

अवघड काहीच नव्हतं. पण परीक्षा देऊन जागा परत मिळाली, तर ती साहेबांनी दिलेली जागा. त्याला हवं होतं ते निराळंच. माळ्यावरच्याने एकदा, फक्त एकदा, तिला बाजूला ठेवून आपलं ऐकावं, एवढीच त्याची इच्छा होती. ती त्याला बायकोपुढेही बोलून दाखवता येत नव्हती.

त्या दिवशी सकाळी सळ्यांचा गठ्ठा नेमका मागच्या बाजूला उतरवायचा होता. माळ्यावरच्याला ती बाजू अजिबात दिसत नव्हती. भोंग्याला आवारातून समोर दिसत होती. दुसऱ्या मजल्याचा ओटा, त्यावर फळ्यांची रास, जवळ ताई. गठ्ठा राशीच्या वर येऊन हवेत थांबला.

"थांबा," भोंग्याच्या कानात ताईचा आवाज आला. "मी सांगते."

"ताई, काय झालं?"

"थांबा जरा."

भोंग्याने मान वर करून पाहिलं. जागा चांगली ऐसपैस, खाली चिटपाखरू नाही. घाबरली, तो मनात म्हणाला. एवढ्याशा गोष्टीला घाबरली, आणि तो वर ताटकळतोय. त्याचा हात खिशात गेला. बटण दाबलं, एक श्वास थांबला, आणि नेहमीच्या शांत आवाजात म्हणाला, "घे खाली. मोकळं आहे."

त्याने बोट उचललं.

"हं," वरून आवाज आला.

काय सांगावं त्याचं सुख! इतक्या महिन्यांचं जळणं एका क्षणात विझलं. हुक खाली यायला लागला. त्याने पुन्हा बटण दाबलं आणि दाबूनच ठेवलं, न दिसणारं ओझं उतरवताना तोंड बंद ठेवायचं नसतं म्हणून. "हळू. सरळ. अजून घे. छान. अजून."

ताई दोन्ही हात हलवत होती. वॉकी तिच्या तोंडाशी होती आणि तोंड मोठं उघडलेलं दिसत होतं. भोंग्याला वाटलं, चिडली. चिडू दे. त्याच्या दांडग्या सेटपुढे तिचा आवाज माळ्यापर्यंत पोचतच नव्हता, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. मग ती वॉकी टाकून धावली, आणि फळ्यांच्या मागून एक पिवळं हेल्मेट वर आलं. खाली पडलेली हातोडी काढायला सुतार राशीमागे आडवा शिरला होता. ताई त्याच्यासाठीच थांबली होती.

भोंग्याचं बोट बटणावरून सुटलं. त्याबरोबर दुसऱ्या कुणाच्या तरी वॉकीवरून ओरडणं त्याच्या कानात घुसलं, "थांब! थांब! थांब!" हुक जागच्या जागी थांबला. पण तोवर गठ्ठ्याचं टोक राशीवर टेकलं होतं. रास कलंडली. ताईने सुताराचा पट्टा धरून त्याला ओढलं, आणि तो वाचला. पाऊल तेवढं फळ्यांखाली सापडलं.

काम बंद झालं. सेफ्टीचे साहेब सगळ्यांचे सेट गोळा करायला लागले. "चॅनलवर कोण होतं? आपल्या सेटमधून एवढा जोर येत नाही. बाहेरचा सेट आहे कुणाकडे?" साइटवरच्या प्रत्येकाने तो आवाज ओळखला होता. भोंग्याने जाकिटात हात घालून सेट काढला आणि साहेबांच्या हातात दिला. साहेब त्याच्याकडे बघतच राहिले. "तुम्ही?" ते म्हणाले. "हे मला वर कळवावं लागेल. पोलिसांनाही."

"कळवा," भोंगा म्हणाला.

दुपारच्या आधी कधीही खाली न येणारा माळ्यावरचा शिडी उतरून आला. भोंग्याला वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मी तुला विचारतो," माळ्यावरचा म्हणाला, "का?"

भोंग्याने खाली बघत खरं ते सांगून टाकलं. "तू तिच्याशी एवढा बोलायचास. माझ्याशी कधी बोलला नाहीस. मला वाटलं, तुला ती पटली. मी विसरला गेलो."

ताई पलीकडे सुताराचा बूट सोडवत होती, तिच्याकडे माळ्यावरच्याने एकदा पाहिलं.

"अरे, तिचं काम मला अजून अंगवळणी नाही," तो म्हणाला. "ती चांगली आहे, पण नवी आहे. म्हणून प्रत्येक गोष्ट दोनदा विचारून घेतो. तेवढंच आमचं बोलणं. तुला कधी काही विचारावं लागलं नाही मला. ती थांबा म्हणत होती, आणि तुझा आवाज आला. मी आजही विचारलं नाही."

तो वळला आणि सुताराला उचलायला गेला. भोंगाही दोन पावलं मागून गेला, तेव्हा सुताराने त्याला पाहिलं आणि म्हणाला, "तुम्ही नको."