पाठ फिरवून बसले तेव्हा

शाहूपुरीत आमच्या घराखाली रोज संध्याकाळी गवळीमामा म्हशी आणतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून देतात. मी चौथी शिकलेली. पुढची शाळा झाली ती गॅलरीत भाजी निवडताना, ह्या म्हशी बघत.

मागल्या साली ह्यांना अर्धांगाचा झटका आला. शिरोलीच्या फाउंड्रीत तापल्या लोखंडापुढं जन्म काढलेला माणूस पलंगाला खिळला. व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी म्हणाली, "आजी, आजोबांच्या पायात ताकद आलीय. पण आत्ता चालले नाहीत तर पाय आखडेल." आणि हे तर उठायलाच तयार नाहीत!

आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. आजारी माणसाला बघायला सगळ्यांनी जायचं. शहाळी घेऊन पावणं यायचं, पलंगाभोवती कोंडाळं करायचं. "उठा की! असं काय पडून ऱ्हायलाय?" "चार पावलं चालून दाखवा बघू!" त्यात माझाच आवाज सगळ्यांत मोठा, खोटं कशाला बोलू? हे भिंतीकडं तोंड करून निजायचे.

एका संध्याकाळी खाली नवी म्हैस आली. लोक तिला घेरून उभे, कुणी फोटो काढतंय, कुणी शिंगं बघतंय. म्हैस थेंब देईना.

"मामा, भाकड हाय व्हय?" एकानं विचारलं.

मामा भडकले. "भाकड तुजी अक्कल! तोंडाम्होरं येवढी माणसं, कशी पान्हा सोडंल ती? सरका मागं!"

लोक सरकले. मामाही दुसरीकडं बघत तिची पाठ खाजवत बसले. थोड्या वेळानं चरवीत धार वाजायला लागली.

हातातली मेथी तशीच राहिली माझी. दूध तिच्यात होतंच की! जनावर नजरेला बुजतं. माणूस तर बुजतो, वर लाजतोही.

दुसऱ्या दिवसापासून दारात मी. "पावणं, चहा बाहेरच घ्यायचा. आत न्हाय."

नणंद फणकारली, "वैनी, भावाला भेटायचीबी चोरी व्हय?"

"आठ दिवस चोरीच समजा, वन्सं."

ह्यांना "चाला" म्हणणं मीही सोडलं. स्वयंपाकघरात दाराकडं पाठ करून बसायचं, काम करायचं, आपलं आपण बडबडायचं. पाच दिवस काही नाही. पाय आखडला तर सगळे मलाच बोलणार, ही धास्ती होतीच.

सहाव्या दिवशी चहा गाळताना मागं काठी टेकल्याचा आवाज आला. मग पाय फरपटल्याचा. मान वळायला बघत होती, पण मी वळू दिली नाही. आवाज उंबऱ्यापाशी थांबला.

"एकटीच पितीस व्हय?"

मी न बघताच म्हटलं, "साखर घाला तुमची तुम्ही. डबा ओट्यावर हाय."

काठी भिंतीला टेकली, डब्याचं झाकण वाजलं. तेव्हा कुठं मी वळले. हे ओट्याला टेकून, दोन्ही पायांवर उभे! मी अशी ओरडले की शेजारीण धावत आली.

"अगं, कान फुटतील की माझे!" हे म्हणाले.

"फुटू देत," म्हटलं. "पाय तर चालला!"