आप्पांचा साठवरचा काटा

आमचे सासरे, आप्पा, रस्त्याकडे बघून नव्हे, काट्याकडे बघून गाडी चालवायचे. समोर म्हैस येवो, खड्डा येवो, नाहीतर कुणाची वरात येवो, त्यांची नजर आधी स्पीडोमीटरवर आणि मग, सवड झालीच तर, म्हशीवर. काटा साठवर आहे ना, मग गाडी साठनं चाललीय, विषय संपला. शेजारून सायकलवाला घंटी वाजवत पुढं का जाईना! एकदा सुरतेत गोडादऱ्याच्या नाक्यावर असाच एक पोरगा पुढं जाता जाता वळून म्हणाला, "काका, पाछळ बेसी जाव." म्हणजे माझ्या कॅरियरवर बसा, सोडतो तुम्हाला. आप्पांना राग बिलकुल आला नाही. सत्तरनं पळतंय कार्टं, कुठं पडलं-झडलं तर, असं म्हणत ते पुढचा सगळा रस्ता त्या पोराची काळजी करत बसले.

सगळं गोडादरा त्यांना काटेआप्पा म्हणायचं. धुळ्याकडून सुरतेला कापडाच्या लूमवर आलेला हा माणूस त्या खटखटाटाला कंटाळला आणि एक जुनी पिकअप घेऊन बसला. नव्वदच्या दशकात आम्ही ती पाहिली तेव्हा ती म्हातारीच होती. गोल दिवे, पुढं आलेलं नाक, आणि दार लावायचं तर एकानं आतून ओढायचं, दुसऱ्यानं बाहेरून लोटायचं. कोऱ्या कापडाचे तागे भरून ती मार्केटात जायची आणि रोज उशिरा पोहोचायची. गाडी उभी असली तरी तिचा काटा शून्यावर म्हणून यायचा नाही, वीस-पंचवीसवर रेंगाळायचा. सोयरीक जुळल्यावर मी एकदा भीत भीत त्याबद्दल विचारलं. आप्पा बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "गाडी उभी शे, पन तिनं मन पळस." म्हणजे उभी असली तरी मन पळतंय तिचं.

आता अशा माणसाची एकुलती एक लेक मी केलेली. लग्न आमच्याकडे कामरेजला. गोडादऱ्याहून कामरेज म्हणजे साठच्या वेगानं पाव तास, असा हिशोब करून आप्पा मुहूर्ताच्या बरोबर पाव तास आधी निघाले. पुढं आप्पा, सासूबाई म्हणजे आक्का, आणि मधे नवरी, मागं ताग्यांच्या जागी अख्खं वऱ्हाड. इकडं मी मुंडावळ्या बांधून उभा. लोकांच्या मुठीत अक्षता भिजून गेल्या, भटजींनी होत्या नव्हत्या तेवढ्या देवांची नावं घेऊन झाली, आणि माझी आत्या तर मुलगी पळाली असं कुजबुजायलाही लागली. शेवटी उसाच्या ट्रॅक्टरमागून पिकअपचं नाक दिसलं. आप्पा रुबाबात उतरले आणि माझ्या वडिलांना म्हणाले, साठच्या खाली एकदाही येऊ दिली नाही, याहून जोरात आणली असती तर नवरी उडून गेली असती. मागून आक्का उतरल्या. त्या फक्त एवढंच म्हणाल्या की वाटेत त्यांची अर्धी पालेभाजी निवडून झाली.

मुहूर्त साधला तो भटजींच्या कृपेनं. पण मी कडोदऱ्याच्या कारखान्यात लूमफिटर, फिरणाऱ्या वस्तूनं खोटं बोललेलं मला खपत नाही. लग्नानंतर पहिल्याच रविवारी मी आप्पांच्या शेजारी बसलो आणि कडोदऱ्याच्या रस्त्याला किलोमीटरच्या दगडावर घड्याळ लावलं. काटा साठवर, म्हणजे मिनिटाला एक दगड यायला हवा. मिनिट झालं, दुसरंही झालं, आणि तिसरं निम्मं सरत आलं तेव्हा दगड दिसला. मी आप्पांकडे बघितलं.

"काटा खोटं बोलस नही, जवाईबापू," ते शांतपणे म्हणाले. "दगड चुकीना जागे गाडेल शेतस."

घरी येऊन मी मीटरच्या मागची केबल सोडली. गिअरबॉक्सपासून निघालेली ती तार नळीतून फिरत फिरत मीटरपर्यंत येते. तार तुटली तर काटा मरतो, पिळली तर काटा नाचतो. इथं तार ठणठणीत होती, पण नळीतून तेलाची धार लागली. आणि वास कसला? भज्यांचा! तेवढ्यात आक्का बाहेर आल्या, त्यांनी वास घेतला आणि कपाळावर हात मारला. दर शनिवारी आप्पा मारुतीला तेल वाहून यायचे. वाटीत उरलेलं शेंगदाण्याचं तेल घरी परत न्यायचं नाही हा त्यांचा नेम, म्हणून ते उरलेलं तेल या नळीत. देवाला चालतं ते गाडीला का चालू नये? वर्षानुवर्षं हा अभिषेक चालला होता. मीटरच्या आत लोहचुंबक फिरतं आणि त्याच्यावर एक हलकी वाटी असते. दोघांत कोरडी फट हवी, तिथं नळीतलं तेल शिरून चिकट लगदा झाला होता. चुंबक जरा फिरलं की वाटी त्याच्याबरोबर ओढली जायची आणि काटा साठवर जाऊन बसायचा. अति तिथं माती म्हणतात, इथं अति तिथं तेल.

रॉकेलनं धुऊन, वाळवून, तारेच्या खालच्या टोकाला बोटभर ग्रीस लावून मी मीटर बसवलं. काटा शून्यावर आला. आप्पा त्याच्याकडे असे बघत होते, जणू घरातलं कुणी अंथरुणाला खिळलंय. जावई हा दहावा ग्रह, पण मी शनीच्याही वरचा निघालो असं त्यांना वाटलं असणार. मग शनिवारच्या तेलाचं काय करू, एवढंच त्यांनी विचारलं. दाराच्या बिजागरीला घाला म्हटलं. तेव्हापासून दार एका माणसात लागू लागलं.

पण खऱ्या काट्यानं आप्पांची पार झोप उडवली. आयुष्यात पहिल्यांदा खरे साठ गाठले तेव्हा त्यांनी घाबरून ब्रेक दाबला आणि रसवंतीवर जाऊन बसले. पुढं चाळीसवर त्यांनी तडजोड केली. मार्केटात ते वेळेवर पोहोचू लागले, तर तिथले लोक आज सुट्टी आहे की काय म्हणून विचारायचे.

दोनेक वर्षांनी मला इचलकरंजीच्या कारखान्यात चांगली जागा मिळाली. सुमनच्या, माझ्या बायकोच्या, डोळ्यांत पाणी आणि आक्कांच्या हातात लाडवांचे डबे.  निघायच्या दिवशी दुपारची बस कडोदऱ्याच्या हायवेवरून पकडायची होती. रिक्षा बोलावतो म्हटलं तर आप्पांनी ऐकलंच नाही. म्हणाले, लेक लग्नाला माझ्या गाडीतून गेली होती, आताही माझ्या गाडीतूनच जाईल.

सुमन मधे, मी खिडकीशी. गाडी निघाली. काटा साठवर! मला कौतुक वाटलं, म्हातारा शेवटी धीट झाला. तेवढ्यात एक सायकलवाला शेजारून पुढं गेला. मागून दुसरा गेला. पुढं फाटक लागलं, गाडी थांबली, आणि काटा पंचवीसवर रेंगाळत राहिला. माझ्या नाकात भज्यांचा वास शिरला. फाटक उघडलं, गाडी निघाली आणि काटा पुन्हा साठवर गेला. मी आप्पांकडे बघितलं. ते एकटक समोर बघत होते, आणि त्या माणसाला मी रस्त्याकडे बघून गाडी चालवताना पहिल्यांदाच पाहत होतो.

 बस चुकणार हे मला कळत होतं, नव्या जागी पहिलाच दिवस बुडणार हेही कळत होतं. तरी मी घड्याळ बांधलेला हात खिडकीबाहेर टाकला, वेळ दिसूच नये म्हणून. सुमननं मात्र काट्याकडे बघितलं, मग बापाच्या तोंडाकडे. तिनं त्यांच्या दंडावर हात ठेवला.

"आप्पा, साठ व्हई ग्यात," ती म्हणाली. "जरासं हळू चालाडा ना."

आप्पांनी मान डोलावली आणि लेकीचं ऐकून गाडी आणखी हळू केली.

आज आप्पाही नाहीत आणि ती पिकअपही नाही. माझ्या गाडीचा काटा चोख बोलतो, आणि सुरतेहून परतताना सुमन अजूनही त्याच्याकडे न बघताच हळू चालवायला सांगते. त्या दिवशी हायवेवर आम्ही पोहोचलो तेव्हा बस कधीच निघून गेली होती. आता उद्याचीच बस. आप्पांनी हळहळल्याचं तोंड करायचा खूप प्रयत्न केला, पण जमेना. गाडी वळवून आम्ही गोडादऱ्याला परत आलो, तर आक्का दारात पाट टाकून बसल्या होत्या. कुणी काही सांगायच्या आत त्या उठून आत गेल्या. परातीत त्यांनी पीठ चौघांचं मळून ठेवलं होतं.